मागच्या मार्जिनमधली खोली

१७ जानेवारी २०२५

परवा बाबा जिन्यावरून पडले. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, अख्खं बडोदं गच्च्यांवर, स्पीकरांचा दणदणाट. घडियाळी पोळेतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीतल्या, अंधाऱ्या जिन्यात चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस घसरला, तर कुणाच्या कानावर जाणार? खाली जयसिंगरावांचं फोटो-फ्रेमचं दुकान आहे. ते उंधियूचा डबा द्यायला म्हणून आले होते, त्यांना बाबा पायरीवर बसलेले दिसले. डावं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. बाकी ठीक.

मला फोन आला तेव्हा माझ्या हातात फिरकी होती आणि तोंडात चिक्की. त्याची लाज अजून जात नाही.

आई गेल्यापासून बाबा तिथे दुसऱ्या मजल्यावर एकटेच आहेत. ‘आमच्याकडे या’ म्हटलं की ‘येईन की’ म्हणतात. सध्या प्लास्टरमुळे आमच्या सोफ्यावर आहेत. निजायच्या खोल्या वर, खाली फक्त हॉल आणि स्वयंपाकघर, म्हणजे इथेही जिना आहेच. मालविका पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामी आहे, पण तीही वरच.

आज जेवताना सलील म्हणाला, “मागे एवढी जागा पडलीये. बाबांसाठी एक खोली काढू, बाथरूमसकट. करी नाखीए, करूनच टाकू.” माझा नवरा एरवी पंखा दुरुस्त करायला दोन उन्हाळे घेतो. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

बाबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी विचारलं, “मागे मार्जिन किती सोडलंय?”

बाबा नगररचना खात्यात होते. लोकांचे बांधकामाचे नकाशे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी मार्जिन विचारलं, म्हणजे अर्धा होकार आलाच.

काम निघालं की रोजची नोंद ठेवावी असं तेच सांगत आलेत. म्हणून ही वही.

१९ जानेवारी

आज बाबांनी स्वतः मागची जागा मोजली. टेपचं एक टोक सलीलकडे, दुसरं उजव्या हातात, डावा हात गळ्यात. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते ते मार्जिन, आणि त्यात मनाला येईल ते उभं करता येत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

“मुख्य घराला जोडून बांधलं तर एक नियम, सुटं बांधलं तर दुसरा,” बाबा म्हणाले. “गाडीची शेड असेल तर निराळं. माणूस झोपणार म्हटलं की खिडकी केवढी, उंची किती, हवा कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, सगळं आलं.”

“पण होईल ना?”

“होईल. वेळ लागतो अशा गोष्टींना.”

हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं की मलाही धीर आला. मग म्हणाले, “नकाशा मीच काढतो. बाहेरच्याला कशाला सांगायचं?” आईनंतर पहिल्यांदाच त्यांना कशात तरी एवढा रस घेताना बघितलं. मी आत जाऊन उगाच भांडी आवरली.

ड्रॉइंग बोर्ड तिकडे आहे म्हणून शुक्रवारी परत जाणार म्हणतात. नको म्हटलं, पण कामासाठीच जातायत, तेव्हा काय बोलणार.

२ फेब्रुवारी

डबा घेऊन घडियाळी पोळेत गेले. बाबा वर नव्हतेच. जयसिंगरावांच्या दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते आणि भोवती माणसं. दोन भाऊ गॅलरीवरून भांडत आलेले, लहरीपुऱ्याचे एक दुकानदार शटर पुढे घ्यायचंय म्हणून, शिवाय एक बाई फाइल घेऊन. “दामुकाका, जरा जुओ ने,” जरा बघा ना, म्हणत प्रत्येक जण कागद त्यांच्या नाकापुढे धरत होता. बाबांनी वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून प्लास्टरचा हात त्यांच्यावर ठेवला होता.

डबा गार झाला. मी जयसिंगरावांना म्हटलं, “तुम्ही तरी लोकांना थोपवा. दुखऱ्या हाताच्या माणसाला शांत बसू देत नाहीत.”

ते एका फ्रेमची काच पुसत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “थोपवतो ना, ताई. जेवायच्या वेळेला थोपवतो.”

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ही फुकटची कटकट चालूच. आमच्याकडे आले की सुटतील बिचारे. फतेगंजच्या पुढे एवढ्या लांब फाइल घेऊन कोण येणार?

नकाशा ‘होतोय’.

११ फेब्रुवारी

बाबांचा फोन. मागच्या भिंतीला लागून बांधायचं तर मागच्या शेजाऱ्यांची लेखी संमती हवी. “आणि निरुबेन काही देणार नाहीत. त्यांच्या बाजूचं ऊन अडतं. तू मनाची तयारी ठेव.”

मी चार वाक्यं पाठ करून निरुबेनकडे गेले. पहिलंच बोलले तर त्यांनी हळदीचे हात पदराला पुसले आणि दारातच सही केली. म्हणाल्या, “मारा बापुजी माटे पण आवुं ज करवुं हतुं. रही गयुं.” त्यांच्या वडिलांसाठीही असंच करायचं होतं, ते राहून गेलं. मग आत जाऊन मेथीचे थेपले बांधून दिले.

लगेच बाबांना कळवलं.

“दिली? आज?”

“हो.”

“वाचून सही केली का त्यांनी?”

“वाचलं की.”

मग “बरं” म्हणाले. आवाज पडलेला वाटला. हात दुखत असणार.

२५ फेब्रुवारी

सोसायटीचं ना-हरकत पत्र मिळालं. बाबांच्या मते त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवून ठराव करायला हवा होता, आणि आमच्या सोसायटीत सभा म्हणजे दिवाळीशिवाय जमत नाही. पण सेक्रेटरी प्रतापसिंहजी सकाळी फिरताना भेटले, मी विषय काढला, आणि ते म्हणाले, “बापुजी माटे छे ने? काले लेटर लई जजो.” वडिलांसाठीच ना, उद्या पत्र घेऊन जा. तिथेच संपलं.

“ठरावाशिवाय असं पत्र देऊ नये,” बाबा फोनवर म्हणाले.

“दिलंय त्यांनी.”

“कमाल आहे लोकांची.”

प्लास्टर निघालंय आणि आज अखेर नकाशाही मिळाला. काय सुंदर अक्षर आहे अजून. एकेक रेघ तुळतुळीत. ‘श्री. दामोदर यांचे निवासासाठी प्रस्तावित खोली’ असं खाली लिहिलंय. मी मालविकाला फोटो पाठवला, तिने बदाम पाठवला.

मनातलं लिहायचं तर, ही खोली होईपर्यंत मला शाळेत चैन नाही. वर्गात गणित शिकवताना टेबलावरचा फोन उजळला की खडू फळ्यावरच थांबतो. आठवीतल्या मुलांनाही आता ते कळलंय.

७ मार्च

आज खूप वाईट वाटतंय.

नकाशा दाखल करायला नोंदणीकृत इंजिनिअरची सही लागते, म्हणून रणवीरभाईंकडे गेले. ते सुरुवातीला बाबांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे नकाशा हातात घेतानाच थोडे अदबीने बसले. मग एकेका रेघेवरून बोट फिरवत गेले.

“साहेबांनी स्वतः काढलाय?”

“हो. का?”

“खोली ड्रेनेजच्या चेंबरवर येतेय, बेन. हे असंच दिलं तर नामंजूर होणार.” त्यांनी कागद फिरवून बघितला. “आणि उत्तर दिशा उलटी दाखवलीय. सोबत जो नियम लिहिलाय ना, तो तर केव्हाच बदलला.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “साहेबनी तबियत तो सारी छे ने?” तब्येत बरी आहे ना, म्हणून.

ते चेंबर बाबांनीच दाखवलं होतं, आम्ही घर घेतलं तेव्हा. झाकण नवं बसवून घेतलं होतं. आणि उत्तर? मी लहान असताना स्कूटरवरून जाताना बाबा मला प्रत्येक वळणावर विचारायचे, तेजू, आता उत्तर कुठे? त्यांना उत्तर चुकली.

आता मागचं एकेक आठवतंय. गेल्या महिन्यात मला ‘विमला’ अशी हाक मारली, माझ्या आत्याच्या नावाने. रविवारी कधी येणार, हे दोनदा विचारलं. दुपारभर इंटरनेटवर विस्मरणाबद्दल वाचत बसले. वाचायला नको होतं.

१० मार्च

सलील म्हणतो, “उत्तर कुठे ते मलाही सांगता येत नाही, म्हणून काय मला डॉक्टरकडे नेशील?” पण तो माझ्याकडे न बघता बोलला, म्हणजे त्यालाही काळजी वाटतेय.

डॉ. आकांक्षांची वेळ घेतली. मेंदूच्या आजारांच्या त्या डॉक्टर आहेत. बाबांना मी ‘हाताच्या नसा दाखवायच्यात’ म्हणून सांगितलंय. रणवीरभाईंनी आपणहून नकाशा सुधारला, खोली चेंबरपासून बाजूला सरकवली आणि ऑनलाइन दाखल केला. बाबांना सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. त्यांना लागेल.

आता तर खोली लवकर व्हायलाच हवी.

१५ मार्च

धुळवडीचा रंग बाबांच्या कानामागे अजून होता, तसेच त्यांना डॉक्टरकडे नेलं.

डॉ. आकांक्षांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. बाबा सांगत गेले. त्यांना एव्हाना कळलं होतं की हे काही मनगटाचं चाललेलं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

“काका, यावर एक घड्याळ काढाल?”

बाबांनी खिशातली पेन्सिल काढली. आधी दोन मध्यरेषा, मग वर्तुळ, मग आकडे, सगळं कसं जागच्या जागी. शेवटी कोपऱ्यात एक छोटा बाण काढून वर ‘उ’ लिहिलं.

“हे काय?”

“उत्तर. कुठलंही रेखाटन असो, उत्तर दाखवावी लागते.”

“आणि ही बरोबर आहे?” डॉक्टर हसत होत्या.

बाबांनी खिडकीतून येणारं ऊन बघितलं. “तुमच्या पाठीमागे पूर्व आहे. बरोबर आहे.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मग आमच्या नकाशात उत्तर दक्षिणेला कशी गेली, बाबा?”

त्यांनी पेन्सिलीला टोपण लावलं. डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या.

“चुकून नाही गेली,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून दिलं की काही झालेलं नाही, प्रकृती उत्तम. एवढी चांगली बातमी घेऊन मी गाडीत बसले आणि किल्ली न फिरवताच विचारलं.

“चेंबर?”

“तेही माहीत होतं. म्हटलं, हरकत निघेल, महिनाभर जाईल.”

“आणि महिन्याने?”

“दुसरं काही काढलं असतं.”

“सरळ नाही म्हणायचं होतंत. मी रोज रडतेय. मला वाटलं तुम्ही आम्हाला विसरणार.”

“सलीलने खोलीचं काढलं तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता, ते तू बघितलेलं नाहीस,” बाबा म्हणाले. “मला नाही म्हणवेना.”

मी सरळ लहरीपुरा दरवाजापर्यंत गाडी नेली. पुढे गाडी जात नाही. ते उतरले, दार हळूच लावलं आणि गर्दीत गेले. मागे वळून बघतील असं वाटलं होतं.

१७ मार्च

रणवीरभाईंचा मेसेज. ‘रजाचिठ्ठी आवी गई. अभिनंदन.’ बांधकामाची परवानगी आली. एकही हरकत नाही.

सलीलने विचारलं, “आता?”

“बांधायची. कुणी नाही राहिलं तर सायकली ठेवू.”

“तेजू.”

“तूच सांग, माणूस मुलीला स्वतःच्या डोक्याबद्दल शंका येऊ देतो, पण तिच्याकडे यायला तयार होत नाही. असं काय आहे आपल्या घरात?”

सलील म्हणाला, “आपल्या घरात काय आहे ते नको विचारूस. तिकडे काय आहे ते बघून ये.”

मला त्याचा राग आला. अजून आहे.

२३ मार्च

न कळवता गेले. डबाही नेला नाही.

ओट्यावर नेहमीसारखी माणसं होती. मी बाकाच्या शेवटी बसले. बाबांनी मला बघितलं, पण हातातलं काम सोडलं नाही, आणि मला पुढेही बोलावलं नाही. माझ्या आधी गणपतराव नावाचे गृहस्थ होते. गच्चीवर पत्रा टाकायचाय, बायकोला पापड वाळवायला सावली नको आणि ह्यांना पेपर वाचायला सावली हवी, असा त्यांचा तंटा. बाबांनी अर्ध्या गच्चीचा तोडगा काढला आणि पत्रा कुठवर नेला तर परवानगी लागणार नाही तेही सांगितलं. गणपतराव उठताना त्यांच्या पाया पडायला वाकले, बाबांनी त्यांना अर्ध्यावरच धरलं. मी एवढ्या वेळा इथे आलेय, पण बाबांचा चेहरा अशा वेळी कसा असतो ते कधी बघितलं नव्हतं. मी डबा घेऊन नुसती घाईत असायचे.

माझी पाळी आली.

“बोला,” बाबा म्हणाले. मला ‘बोला’ म्हणाले.

मी म्हटलं, “माझे वडील दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिना अंधारा आहे. एकदा पडलेत. मी दिवसभर फोनकडे बघत असते. काय करता येईल?”

ते चष्मा पुसायला लागले. “वडिलांना विचारलंय?”

“नाही. आधी खोली मंजूर करून घेतली.”

मागे बसलेल्या बाई हसल्या. बाबाही हसू दाबत होते, पण डोळे भरले होते. आतून जयसिंगराव म्हणाले, “दुकानामागची खोली आहे, ताई. सगळ्या फ्रेमा भरल्यात, त्या माळ्यावर टाकू. मोरी आहे, मागे दार आहे. मी साहेबांना संक्रांतीपासून सांगतोय.”

“मग घेतली का नाही?” मी बाबांना विचारलं.

“खाली राहायला आलो की पोळेत सगळे म्हणणारच, दामुकाकांना जिना चढवत नाही.”

“नाहीच चढवत,” जयसिंगराव म्हणाले. “रोज मध्येच बसता. मला इथून दिसतं.”

बाबांनी समोरचे कागद सारखे केले. मग हळूच म्हणाले, “तुझ्याकडे गेलो तरी म्हातारा, इथे खाली आलो तरी म्हातारा. म्हटलं, जेवढे दिवस वर निघतील तेवढे काढावे.”

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. पुढच्या माणसाने विचारलं, “बेन, तमारुं पती गयुं?” झालं ना तुमचं? मी म्हटलं, हो, घ्या तुम्ही.

३० मार्च

गुढीपाडवा. जयसिंगरावांच्या फ्रेमा सकाळपासून हलवत होतो. कितीतरी लोकांचे आजोबा-पणजोबा काचेमागून आमच्याकडे बघत माळ्यावर गेले. सलीलने बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, तेही एका दिवसात, म्हणजे त्याच्या हिशेबाने चमत्कारच. गुढी बाबांनी खालच्या खिडकीत उभारली.

गोदामाची राहती खोली करायची तर तसा अर्ज द्यायला हवा, असा बाबांचा हट्ट. स्वतः बसून लिहिला, नकाशा जोडला. रणवीरभाईंनी आधी उत्तर तपासली आणि मग सही केली. दोघं एकमेकांकडे न बघता चहा पीत होते. मला मात्र हसू आवरेना.

शाळेत फोन आता पर्समध्येच असतो. निदान तसा प्रयत्न आहे.

६ एप्रिल

रामनवमी. बाबा जेवायला आले होते. इथून पुढे रविवारी ते आमच्याकडे आणि बुधवारी मी त्यांच्याकडे, पण बाकावर बसून माझी पाळी येईपर्यंत थांबायचं, असं ठरलंय.

जेवण झाल्यावर ते मागे जाऊन उभे राहिले. सलीलने चुन्याने आखलेली खोली अजून दिसते. मी म्हटलं, इथे आता भेंडी आणि गवार लावणार आहोत. त्यांनी मान हलवली. आखणीच्या आत जाऊन, खिडकी आली असती तिथून थोडा वेळ निरुबेनच्या आंब्याकडे बघितलं. मग “भेंडीला ऊन पुरेल,” म्हणाले.

परत सोडायला निघाले तर गाडीत म्हणाले, “ती रजाचिठ्ठी फाडू नकोस.”

“ठेवलीय.”

“वर्षभर चालते. मुदत संपायच्या आत अर्ज केला तर वाढवूनही मिळते.”

मी बरं म्हटलं. मी काही विचारलं नव्हतं, पण कुठलाही विषय निघो, नियम सांगितल्याशिवाय बाबांना चैन पडत नाही.

लहरीपुऱ्यापाशी उतरले. दार लावलं, दोन पावलं गेले आणि परत येऊन काचेवर टकटक केली. मी काच खाली घेतली.

“अर्ज मी लिहीन,” बाबा म्हणाले. “तू फक्त तारीख लक्षात ठेव.”